पोटात दुखतंय, असं मूल म्हणतं तेव्हा

२०२४ च्या नाताळच्या तोंडावर जो बायडेन यांनी एका कायद्यावर सही केली. आपल्याकडे त्याची बातमी झाली ती पॅरिस हिल्टनच्या फोटोमुळे. सेनेटनं ११ डिसेंबरला तो एकमतानं मंजूर केला, प्रतिनिधिगृहानं १८ डिसेंबरला ३७३ विरुद्ध ३३ मतांनी. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष इथे एकत्र आले, याचं कौतुक झालंच. ‘अमेरिकेत छळछावण्यांवर बंदी’ असे मथळेही फिरले. तशी बंदी मात्र या कायद्यात कुठेही नाही. ‘हाताबाहेर गेलेल्या’ मुलांना ठेवून घेणाऱ्या निवासी संस्थांचा राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं अभ्यास करावा आणि पुढची दहा वर्षं ठराविक अंतरानं अहवाल द्यावेत, एवढंच त्यात आहे. एकही संस्था त्यामुळे उद्या बंद होणार नाही, एकाही संस्थेच्या दारावर केंद्राचा निरीक्षक जाणार नाही.

मग याला महत्त्व काय? या व्यवसायाबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसनं मंजूर केलेला हा पहिला स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याला पन्नास वर्षं लागली. ती का लागली, हे समजून घेतलं की आपल्याकडच्या काही गोष्टीही वेगळ्या दिसायला लागतात.

किशोरवयात स्वतः अशा संस्थेत ठेवल्या गेलेल्या हिल्टनची कहाणी बहुतेकांनी ऐकली असेल. मध्यरात्री दोन अनोळखी धिप्पाड माणसं खोलीत येतात, मुलीला अंथरुणातून उठवतात, सोपं करायचं की अवघड एवढंच विचारतात आणि गाडीत घालून नेतात. आईवडील दारात उभे असतात, कारण ती माणसं त्यांनीच पैसे देऊन बोलावलेली असतात. यातून गेलेली मुलं याला ‘गूनिंग’ म्हणतात, म्हणजे गुंडांकरवी उचलणं. बहुतेक राज्यांत यात बेकायदा काही नाही. आईबापांनी कागदावर सही केली की सोळा वर्षांच्या मुलाला हातकड्या घालून तीन राज्यं ओलांडून नेता येतं.

याच्या मुळाशी कोणता विचार आहे ते १९७९ च्या एका निकालात वाचायला मिळतं. पारहॅम विरुद्ध जे. आर. हा खटला जॉर्जियातल्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलेल्या मुलांचा होता. मुलाला दाखल करण्यापूर्वी न्यायाधीशासमोर सुनावणी हवी का, असा प्रश्न होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नको म्हणून सांगितलं. आईबापांची माया त्यांना मुलाच्या हिताकडेच नेते असं कायदा गृहीत धरतो, आणि दाखल करून घेणाऱ्या तटस्थ डॉक्टरनं तपासलं की पुरे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. त्या निकालात निदान एक डॉक्टर तरी मध्ये होता. पुढे वाळवंटात तंबू ठोकून निघालेल्या खासगी शिबिरांत तोही उरला नाही. उरली ती फक्त आईबापांची सही.

आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे गेला आहे. अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत ठेवायचं तर ते अपवाद म्हणूनच. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या पात्र व्यक्तीनं, स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. बहात्तर तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. मुक्काम तीस दिवसांवर गेला तर पुन्हा कळवायचं. हे शब्द किती ठिकाणी पाळले जातात हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण आईबापांच्या सहीवर आणखी कुणाची तरी नजर हवी, एवढं तरी आपल्या कायद्यानं मान्य केलं आहे.

मायाळू आईबाप असं का करतात, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडेही ‘बोर्डिंगात टाकीन’, ‘रिमांड होमला पाठवीन’ ही वाक्यं ऐकल्याशिवाय फारशी मुलं मोठी झालेली नाहीत. तिथल्या आईबापांचं दुःख या धमकीपेक्षा फार खोल असतं. मुलगा नशा करतो, मुलगी हातावर ब्लेड ओढून घेते, शाळेनं नाव काढून टाकलंय, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ चार महिन्यांनंतरची मिळते. अशा रात्री कुणीतरी सल्लागार फोनवर गोड आवाजात सांगतो की अमुक ठिकाणी पाठवा, नाहीतर मूल हातचं जाईल. दिवसाला शेकडो डॉलर भरायला घर गहाण ठेवणारी माणसं आहेत. या आईबापांना मी खलनायक म्हणणार नाही. फसवले गेलेले पहिले तेच आहेत. आणि शिबिरानं आपला जीव वाचवला असं मनापासून सांगणारी मुलंही आहेत, त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही.

पण फसवणूक नेमकी कुठे होते ते पाहा. मूल दाखल झालं की बऱ्याच संस्था आईबापांना एक सूचनापुस्तिका देत. तिच्यात लिहिलेलं असे की पहिले काही आठवडे तुमचं मूल रडेल, घरी न्या म्हणेल, आम्हाला मारतात, उपाशी ठेवतात असंही सांगेल; त्यावर विश्वास ठेवू नका, ते तुम्हाला खेळवत आहे. इंग्रजीत त्याला ‘मॅनिप्युलेशन’ म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, ढोंग. तक्रार होण्याआधीच तक्रार खोटी ठरवून ठेवायची. त्यावर फोन कर्मचाऱ्याच्या देखत, पत्र वाचून मगच टपालात. आणि सगळ्याच्या वर पायऱ्यांची पद्धत: नियम पाळले की गुण, गुण साठले की वरची पायरी, वरच्या पायरीवर फोन, त्याच्याही वर घरची भेट. तक्रार करणारा खालच्या पायरीवर घसरतो. म्हणजे घरी जाण्याची वाट तक्रार गिळण्यातून जाते.

हे सगळं आलं कुठून, याचा माग मायिया सालाविट्झ या पत्रकार बाईंनी काढला. त्यांचं २००६ चं ‘हेल्प ॲट एनी कॉस्ट’ हे पुस्तक या विषयावरचं पहिलं मोठं शोधकाम आहे, आणि मला त्यांचं म्हणणं इतर कुणाही तज्ज्ञापेक्षा वजनदार वाटतं. त्या स्वतः तरुणपणी हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनातून गेल्या आहेत. नशा करणाऱ्याला तोडल्याशिवाय तो सुधरत नाही, या समजाची किंमत त्यांना पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

सालाविट्झ आपल्याला १९५८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सांता मोनिकात नेतात. चार्ल्स डेडरिक नावाच्या, दारू सोडलेल्या माणसानं तिथे सिनॅनन नावाची संस्था काढली. डॉक्टर नाही, औषध नाही. माणसं गोल करून बसायची आणि एकाला मध्ये घेऊन त्याच्यावर तुटून पडायची. त्याचे दोष, त्याची लाज, त्याचं खोटेपण ओरडून ओरडून त्याच्या तोंडावर मारायचं. या प्रकाराला ते ‘गेम’ म्हणत. माणूस कोसळला की तो बरा व्हायला लागला, अशी श्रद्धा. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी या प्रयोगाचं भरपूर कौतुक केलं. पुढे सिनॅननचा धर्मपंथ झाला. १९७८ मध्ये तर त्यांच्याविरुद्ध खटला जिंकलेल्या पॉल मोरँट्झ या वकिलाच्या टपालपेटीत संस्थेच्या माणसांनी रॅटलस्नेक सोडला. तो त्यांना चावला, वकील वाचले.

सिनॅनन बुडाली, पण गोल करून बसण्याची रीत तोवर पसरली होती, आणि आता त्या गोलात मोठ्यांच्या जागी मुलं होती. १९७० मध्ये फ्लोरिडात ‘द सीड’ निघाली. सॅम एर्विन यांच्या, म्हणजे वॉटरगेटवाल्या एर्विन यांच्याच, सेनेट उपसमितीनं १९७४ च्या अहवालात तिच्या पद्धतीची तुलना उत्तर कोरियानं युद्धकैद्यांवर वापरलेल्या मेंदू धुण्याच्या तंत्राशी केली. इतकं स्पष्ट लिहिलेला सरकारी कागद पन्नास वर्षांपूर्वीचा आहे! त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच साच्यातली ‘स्ट्रेट’ सुरू झाली. तिथे नव्या मुलाच्या पँटचा मागचा पट्टा जुन्या मुलानं धरून ठेवायचा, शौचालयापर्यंतसुद्धा. १९८५ मध्ये नॅन्सी रीगन राजकन्या डायनाला घेऊन ‘स्ट्रेट’ची शाखा पाहायला गेल्या. संस्थेच्या संस्थापकांपैकी मेल सेम्बलर पुढे ऑस्ट्रेलियात आणि नंतर इटलीत अमेरिकेचे राजदूत झाले. खटले आणि परवान्यांच्या चौकशांनी पोखरलेली ‘स्ट्रेट’ १९९३ मध्ये बंद झाली.

सालाविट्झ यांचा मुद्दा असा की या पद्धतीनं मुलं सुधारतात याला पुरावा कधीच नव्हता. मुलाला नमवणं हेच उपचार मानले गेल्यामुळे छळ हा अपघात राहत नाही, तो पद्धतीतच बसलेला असतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बसवलेल्या तज्ज्ञमंडळानंही सांगितलं की धाक दाखवणारे, लष्करी शिस्तीचे कार्यक्रम उपयोगी नाहीत, उलट मुलं बिघडण्याचीच शक्यता. हे मला पटतं ते आकडेवारीपेक्षा त्या एका शब्दामुळे, ढोंग. ज्या संस्थेत मुलाचं प्रत्येक दुखणं नाटक समजायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना दिलं जातं, तिथे एक दिवस खरं दुखणं येणारच.

मार्च १९९४. युटाच्या खडकाळ ओसाडीत रानातल्या एका ‘उपचार’ शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोटदुखीनं वाकून चालत होता. वजन झपाट्यानं उतरत होतं, कपड्यांत शौचाला होत होतं. कर्मचाऱ्यांनी ठरवलं, ढोंग करतोय. मुलगा डायरी लिहीत असे, तिच्यात थंडी, भूक आणि वेदना यांची नोंद आहे. जॉन क्राकाउर यांनी १९९५ मध्ये ‘आउटसाइड’ मासिकात ही कहाणी सविस्तर लिहिली. अल्सर फुटून पोटात संसर्ग पसरल्यानं, पेरिटोनायटिसनं, तो गेला.

डिसेंबर २०२२. तेच युटा राज्य, हरिकेन गावाजवळची डायमंड रँच अकॅडमी. सतरा वर्षांची मुलगी बरेच दिवस पोट दुखतंय म्हणत होती. तिच्या वडिलांनी दाखल केलेल्या दाव्याप्रमाणे तिलाही ढोंग करतेस असंच सांगण्यात आलं. मृत्यूचं कारण तेच, पेरिटोनायटिस. पुढच्या वर्षी राज्यानं संस्थेच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि ती बंद झाली.

मधली अठ्ठावीस वर्षं निगराणी करणारे काय करत होते? बरंच काही करत होते, हेच तर अस्वस्थ करणारं आहे. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं या संस्थांमधले दहा मृत्यू उकलून पाहिले. २००५ या एका वर्षात ३३ राज्यांत १,६१९ कर्मचारी छळाच्या घटनांत गुंतलेले होते, हा आकडा त्याच अहवालातला. त्या सुनावणीनंतर जॉर्ज मिलर यांनी आणलेलं विधेयक प्रतिनिधिगृहानं मंजूर केलं, सेनेटमध्ये ते विरून गेलं. मिसुरीत धार्मिक संस्थांना परवान्यातून १९८२ पासून सूट होती. रोलॉफ नावाच्या टेक्सासच्या धर्मोपदेशकाच्या धर्तीवर चालणाऱ्या शाळा अशा सुटीच्या आडोशाला जाऊन बसल्या. ती सूट २०२१ मध्ये कमी झाली, तीही तिथल्या वर्तमानपत्रानं आणि माजी विद्यार्थ्यांनी पिच्छा पुरवला म्हणून. एका राज्यानं डोळे वटारले की संस्था दुसऱ्या राज्यात, नाहीतर जमैकात, मेक्सिकोत, कोस्टा रिकात. पाटी नवी, माणसं तीच.

आणि ज्यांना फोन करायला आईबापच नाहीत त्यांचं काय? २९ एप्रिल २०२०, मिशिगनमधलं कॅलमाझू. सरकारच्या ताब्यातल्या सोळा वर्षांच्या मुलानं जेवणघरात ब्रेडचा तुकडा फेकला. पुरुष कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर पाडलं आणि जवळजवळ बारा मिनिटं अंगावर भार टाकून दाबून धरलं. दोन दिवसांनी तो गेला. हे सगळं कॅमेऱ्यात आहे. ही जागा सरकारी पैशावर, नफ्यासाठी काम करणाऱ्या कंपनीकडे चालवायला होती. रॉन वायडेन यांच्या सेनेट समितीनं जून २०२४ मध्ये अशा संस्थांच्या चार मोठ्या चालकांवर दोन वर्षांच्या चौकशीचा अहवाल दिला. त्याच्या मथळ्यात या संस्थांना ‘दुर्लक्षाची गोदामं’ म्हटलंय. कमी पगाराची, अपुरी, न शिकवलेली माणसं ठेवायची आणि खाटा भरलेल्या ठेवायच्या, असं त्यात दाखवलेलं गणित आहे. कंपन्यांनी अहवालातलं चित्र नाकारलं.

निगराणी या शब्दाबद्दल माझं एक मत झालं आहे, ते इथेच सांगतो. निरीक्षक येतो तेव्हा तो मोजता येण्यासारखं मोजतो. गाद्या किती, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत का, दरमहा सराव होतो का, नोंदवही पूर्ण आहे का. हे सगळं चोख असलेल्या इमारतीत मुलांचा छळ होऊ शकतो, आणि झालेला आहे. तो बाहेर येतो तो एकाच वाटेनं: मूल एकटं, कर्मचाऱ्यांच्या कानापासून दूर, अशा माणसाशी बोलतं ज्यानं त्याला आधीच खोटं ठरवलेलं नाही.

युटानं मार्च २०२१ मध्ये हे अर्धं तरी ओळखलं. हिल्टनला ठेवलं होतं त्या युटातल्या प्रोव्हो कॅनियन स्कूलमध्ये तिला कपड्यांवर एक क्रमांक दिला होता, १२७. विधिमंडळाच्या समितीपुढे तिनं तो सांगितला, आणि योगायोग असा की विधेयकाचा क्रमांकही १२७ च होता. वर्षातून चार तपासण्या, दाबून धरण्यावर आणि गुंगीची औषधं देऊन गप्प करण्यावर बंधनं, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम: आठवड्यातून एकदा घरच्यांशी खासगी बोलणं, कुणी मध्ये न ऐकता. तरीही डायमंड रँचमधली मुलगी गेली ती हा कायदा झाल्यानंतर. फोनच्या दुसऱ्या टोकाला किंवा खोलीच्या दारात जो माणूस आहे, त्याच्या डोक्यातून ‘ढोंग’ हा शब्द काढणारं कलम कुठल्याच विधिमंडळाला लिहिता आलेलं नाही.

हा अनुभव आपल्याला परका नाही. मुझफ्फरपूरचं बालिकागृह सरकारी अनुदानावर चालत होतं, तिथे अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या, वह्यांत शेरे होते. बिहार सरकारनं ११० संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाकडे दिलं. त्या तरुण मंडळींनी मुलींशी बोलून घेतलं आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. मग मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेला, आणि २०२० मध्ये ते बालिकागृह चालवणाऱ्या ब्रजेश ठाकूर याला आमरण जन्मठेप झाली. सरकारी भेटींना वर्षानुवर्षं जे दिसलं नव्हतं, ते विचारणाऱ्यांना कळलं. आपल्याकडे कायद्यानं प्रत्येक बालगृहाची नोंदणी आहे, जिल्हा तपासणी समिती आहे, बालकल्याण समिती आहे, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. कागदावर आपण अमेरिकेपेक्षा सरस आहोत असं म्हणायला मला मुळीच आवडलं असतं.

आणि खामगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या तालुक्यातली आदिवासी मुलांची आश्रमशाळा, नोव्हेंबर २०१६. लैंगिक अत्याचाराचं ते प्रकरण कुठल्याही तपासणीत उघड झालं नाही. मुली दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्या, पोटात दुखतंय म्हणाल्या. घरच्यांनी विचारलं, मुलींनी सांगितलं, आणि मग पोलीस, अटका, विशेष तपास पथक. त्या घरांत पुस्तिका आलेली नव्हती. पोटदुखीला ढोंग म्हणायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेतल्या त्या संस्थांत थँक्सगिव्हिंगची किंवा नाताळची सुट्टी पायऱ्या चढून मिळवावी लागते, तक्रार करणाऱ्याला ती मिळत नाही. खामगावच्या मुलींना ती मिळवावी लागली नव्हती. दिवाळी होती म्हणून त्या घरी गेल्या. विज्ञान अकादमीचे अभ्यासक आता दहा वर्षं अहवाल लिहितील. त्यांनी संस्थांच्या यादीबरोबर एक साधी यादी मागवावी अशी माझी इच्छा आहे: कुठल्या संस्थेतलं कुठलं मूल शेवटचं घरी कधी गेलं होतं, आणि ते सुट्टी म्हणून गेलं होतं की बक्षीस म्हणून.